पाच गोळ्या, एक भोक

जुलैतला रविवार होता. वरळीच्या रेंजवर पाऊस नुकताच उघडला होता आणि पन्नास मीटरवरच्या लक्ष्यामागच्या मातीतून पाणी ओघळत होतं. मी पाच गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. तीन भोकं दहाच्या वर्तुळाला धरून, एकमेकांत मिसळलेली. उरलेली दोन डावीकडे वर, पण तीही एकमेकांना चिकटलेली. कागद बदलून पुन्हा पाच मारल्या. पुन्हा तसंच, तीन इथे आणि दोन तिथे. मे महिन्यात हीच बंदूक, याच खोक्यातली काडतुसं, पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी पाडत होती.

हात हलला असता तर भोकं विखुरली असती. दोन नीटस घोळके पडतात, म्हणजे बंदुकीतच काहीतरी दोन वेगवेगळ्या तऱ्हेने बसतंय, इतकं मला कळत होतं. मी मागच्या साइटचे स्क्रू आवळले, दंडाला लावायचा स्लिंगचा पट्टा एक भोक सैल केला, चटई बदलली. शेजारच्या लेनवरचे एक ज्येष्ठ नेमबाज बराच वेळ बघत होते. ते उठून आले, खिशातून दहाची नोट काढली आणि नळी व दस्त्याचं लाकूड यांच्या फटीत पुढून सरकवली. नोट चार बोटं मागे गेली आणि अडकली.

"लाकूड पाणी प्यायलंय," ते म्हणाले. "नळीला खांदा देतंय."

गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. टेबलाच्या कडेला दाबून धरलेली पट्टी टिचकी मारल्यावर थरथरते, तशीच. दर वेळी ती सारखीच थरथरली तर गोळी दर वेळी सारख्याच क्षणी, सारख्याच दिशेने बाहेर पडते. मधेच कुठेतरी लाकूड टेकलं की थरथर बदलते, आणि नळी तापली, गारठली, हवेतला ओलावा वाढला की टेकण्याचा जोरही बदलतो. कोकणच्या पावसात अक्रोडाचं लाकूड किती फुगतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दस्त्याला बाहेरून छान पॉलिश होतं, पण नळीखालच्या खाचेत कुणी वार्निशचा हात फिरवलेला नव्हता. घरी आल्यावर मी एका गोल लोखंडी दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि नोट दुहेरी करून सरळ मागेपर्यंत जाईल इतकी खाच घासली. मग आतून वार्निशचे दोन हात दिले. ऑगस्टमध्ये दोन घोळक्यांचा एक झाला. ती नोट मी त्यांना परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. ती अजून माझ्या पेटीत आहे.

मी भिवंडीचा. वडलांचे आठ माग होते, खाली कारखाना आणि वर आम्ही. शाळेतून आलो की कांड्या भरायच्या, मोठा झाल्यावर मागांची दुरुस्ती शिकायची, हे ठरलेलंच होतं. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. त्यांची शिकवण्याची एकच रीत होती. कापडात आडवा पट्टा पडायला लागला की मी फणीकडे धावायचो, कारण पट्टा फणीपाशी दिसतो. चाचा मला मागच्या बाजूला न्यायचे, जिथे बीम सुटतं तिथे. बीमचा ताण कमीजास्त होत असला तर पट्टा पुढे दिसतो आणि कारण मागे असतं. मी घाईने तीन गोष्टी एकदम बदलल्या तर ते रागावायचे. "एक चीज बदल, माग चला, कपड़ा देख. फिर दूसरी." तीन गोष्टी एकदम बदलून पट्टा गेला तर तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला आपण पुन्हा तितकेच अडाणी असतो.

कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग. निकाल सांगताना हवालदारांनी कागद उंच धरला आणि तळहाताने भोकं झाकून दाखवली. मध्यभागी लागलं की नाही हे त्यांनी विचारलंच नाही. "मध्यावर आणायचं काम साइटचं. एका जागी मारायचं काम तुझं." तेवढं एक वाक्य घेऊन मी कॅम्पवरून आलो. पुढे वरळीला क्लबच्या बंदुकीवर चार-पाच वर्षं, आणि मग २००१ मध्ये परवाना मिळाल्यावर एका जुन्या नेमबाजाकडून घेतलेली माझी स्वतःची जर्मन बोल्ट-अॅक्शन. रविवारी पहाटे भिवंडी एसटी स्टँडवरून ठाणे, ठाण्याहून लोकलने दादर, तिथून बसने वरळी. पेटी मांडीवर, परवाना वरच्या खिशात. घरी बंदूक एका कपाटात आणि बोल्ट दुसऱ्या कपाटात, दोन्हींच्या किल्ल्या माझ्याकडे. हा शिरस्ता आजही मोडलेला नाही.

पन्नास मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि रेषेला नुसती कड लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. मागवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अडीच सूत. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रोनच्या, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकाराच्या, प्राथमिक फेरीतही दशांश धरायला लागले, तेव्हापासून ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. साठ गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १०.९, एकूण ६५४. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं ते ६०० पैकी ५९७ गुणांनी, तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करून. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण कमी. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. साठपैकी सत्तावन्न वेळा अडीच सुतांच्या आत राहायला बंदूक कशी लागते आणि माणूस कसा लागतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी मी बंदुकीच्या मागे लागलो. माझ्या हाताला पाना ओळखीचा, म्हणून तेच सोपं वाटलं.

नळी आणि बोल्ट ज्या पोलादी भागात बसतात तो भाग दस्त्याला दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. मी ते मागाच्या बोल्टसारखे आवळायचो, मनगट सांगेल तितके. एकदा वहीत पाहिलं तर बंदूक साफ करून स्क्रू पुन्हा बसवल्याच्या प्रत्येक तारखेनंतर घोळका सरकलेला. कधी खाली, कधी उजवीकडे, आणि आकारही वेगळा. मग टॉर्क पाना आणला. पाच न्यूटन-मीटर, दर वेळी, आधी पुढचा आणि मग मागचा. घोळका सरकणं थांबलं, पण त्याचा आकार माझ्या मनासारखा नव्हता.

माग बसवताना वापरायचा डायल गेज घरात होताच. त्याचं बूड नळीला बांधलं, सुई दस्त्याच्या पुढच्या टोकाला टेकवली आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. सुई नऊ थाऊ फिरली. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पोलाद लाकडावर सरळ बसत असतं तर सुई दोनच्या आत राहिली असती. नऊ म्हणजे स्क्रू आवळताना मी पोलाद वाकवत होतो, आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ते वाकलेपण थोडं थोडं बदलत होतं. मागाचा पाया एका कोपऱ्यात पोकळ असला की सगळा माग नाचतो, तसाच हा प्रकार. त्या संध्याकाळी मला मनापासून आनंद झाला. इतके महिने अंदाजाने बोलत होतो ती गोष्ट डायलवर आकड्यात दिसली होती.

उपाय ठरलेला असतो. पोलाद जिथे बसतं तिथलं लाकूड थोडं कोरायचं, तिथे घट्ट होणारा इपॉक्सी भरायचा, पोलादाला मेणाचा हात देऊन त्यात बसवायचं आणि चोवीस तास ठेवायचं. पोलादाचा हुबेहूब ठसा उमटतो. मी सगळीकडे मेण लावलं, पण मागच्या स्क्रूच्या भोकात भरायला विसरलो. दुसऱ्या दिवशी पोलाद आणि लाकूड एकजीव झालेले. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली बंदूक समोर आणि ती उघडत नाही. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "एवढं काय झालंय ते तरी सांगा." सांगितलं. तिने विचारलं, डबा घट्ट बसला की आपण काय करतो? मग भावाने बर्फाची अर्धी लादी आणली. बंदूक प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळली आणि मोरीत बर्फाच्या चुऱ्यात चार तास ठेवली. गारठ्याने पोलाद आकसतं. रबरी हातोड्याने हळूच ठोकलं तेव्हा कट् आवाज आला आणि दोन्ही सुटले. बोटभर लांबीची अक्रोडाची चीप सोबत निघाली. ती मी पुन्हा चिकटवली, तरी जोड दिसतोच. भोकात मातीचा गोळा भरून, मेण लावून, दुसऱ्यांदा केलं तेव्हा सुई दीड थाऊवर थांबली.

इथे एक सांगणं भाग आहे, कारण हल्ली मुलं फार धीट झाली आहेत. मी हात लावला तो लाकडाला आणि स्क्रूंना, तेही माझ्या परवान्यावरच्या माझ्याच बंदुकीच्या. दुरुस्तीला परवाना लागतो, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. घरात लेथ आहे म्हणून नळीला किंवा बोल्टला हात लावायचा नाही. पोलादाचं काम परवानाधारक गनस्मिथनेच करायचं.

तसं काम एकदा निघालंच. नेहमीच्या घोळक्याबाहेर एक गोळी घड्याळातल्या चारच्या काट्याला जायची. दहातली एक, कधी दोन. मी त्या गोळ्यांना 'माझी चूक' म्हणून वहीत लाल खूण करायचो. तीन महिन्यांच्या लाल खुणा एका कागदावर उतरवल्या तर सगळ्या चारच्याच काट्याला. माझा हात इतक्या शिस्तीने चुकेल हे शक्य नव्हतं. नळीचं तोंड भिंगाखाली धरलं. गोळ्यांवरचं मेण आणि धूर मिळून तोंडाभोवती काळसर पाकळ्यांचं फूल उमटतं, नळीत जितक्या खाचा तितक्या पाकळ्या. माझ्या फुलाची एक पाकळी आखूड होती. तिथल्या कडेला नखाला जेमतेम जाणवेल असा ओरखडा. गोळी सुटताना तिच्यामागचा वायू त्या बाजूने केसभर आधी निसटत असणार आणि गोळीला ढुशी देत असणार. ओरखडा कुठून आला तेही कळलं. एनसीसीत पुल-थ्रूची दोरी आणि चिंदी ओढायची सवय, तीच मी पुढून सळई घालून चालू ठेवली होती. सळई दर वेळी त्याच जागी घासत होती. गनस्मिथने तोंड नव्याने कापून दिलं आणि त्या दिवसापासून सळई मागून, नळकांडं लावूनच आत जाते.

साफसफाईबद्दल मी फौजी शिस्तीचा होतो, चिंदी पांढरीशुभ्र निघेपर्यंत ओढायची. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीला ते मानवत नाही. घासून पुसलेल्या नळीतल्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जातात, मेणाचा पातळ थर बसला की मग नळी स्थिरावते. मात्र काडतुसाच्या तोंडापाशी जमणारं कडक काजळीचं कडं तसंच राहू दिलं तर हजार-दीड हजार गोळ्यांनंतर घोळका हळूहळू फुलतो. तेवढंच वेळच्या वेळी काढायचं आणि बाकी नळीला शांत राहू द्यायचं, हे वहीतल्या आकड्यांनीच मला शिकवलं.

काडतुसांवर मात्र मी दोन पावसाळे वाया घालवले, हे कबूल केलं पाहिजे. पॉइंट टू-टूचं काडतूस आपल्याला घरी भरता येत नाही. कारखान्यातून येतं तसंच वापरायचं. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास, ध्वनीच्या वेगाखाली मुद्दाम ठेवलेला, कारण ती वेस ओलांडताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जायला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती सव्वाशे मिलिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात दहा मीटरचा फरक पडला तर भोकं सात-आठ मिलिमीटर वरखाली होतात. म्हणजे सगळं नीट करूनही दहाचे नऊ. मी कुठेतरी वाचलं की बुडाच्या कडेची जाडी मोजून काडतुसं वेगळी करावीत. संध्याकाळी मायक्रोमीटर घेऊन बसायचो. खोक्यात पन्नास काडतुसं, अशी शंभरावर खोकी मोजली असतील. जाडीनुसार डबे केले, चिठ्ठ्या लावल्या. निम्म्या गोळ्या निवडलेल्या आणि निम्म्या न निवडलेल्या, कोणत्या कोणत्या हे मला न सांगता भावाने हातात द्यायच्या, असं करून चारशे गोळ्या मारल्या. दोन्हींत काही फरक निघाला नाही. मी ते डबे एकत्र ओतले.

फरक निघाला तो बॅचमध्ये. एकाच नावाचं, एकाच किमतीचं, एकाच रंगाचं खोकं, पण वेगळ्या बॅचचं, आणि घोळका दीडपट. जे माझ्या नळीला गोड लागायचं ते शेजारच्याच्या नळीला कडू. परदेशातले मोठे नेमबाज आपली बंदूक घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी-बोगद्यात जातात. जर्मनीत शोनेबेकला लापुआची अशी सोय आहे, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला इलीची. तिथे नळी शिकंज्यात धरून एकेका बॅचच्या गोळ्या मारतात आणि जी जुळते तिची वर्षभराची खोकी उचलतात. आम्ही आमच्या परीने तेच केलं. रेंजवरच्या आठ जणांनी आपापल्या बॅचमधली खोकी टेबलावर ठेवली आणि प्रत्येकाने प्रत्येकाच्या काडतुसातल्या वीस-वीस गोळ्या मारून पाहिल्या. मला जुळलेली बॅच सगळ्यांत महागातली नव्हती. नंतरच्या आठवड्यात मी दिवाळीसाठी ठेवलेले पैसे त्या बॅचमध्ये घातले. दोन वर्षं पुरली.

वीस गोळ्या कशासाठी, असं मुलं विचारतात. तीन गोळ्यांचा घोळका नशिबाने लहान येतो आणि माणूस फसतो. मी स्वतः फसलोय. तीन गोळ्या एका भोकात गेलेला एक कागद मी चौकटीत लावणार होतो. त्याच दिवशी मारलेल्या पुढच्या तीसही गोळ्या त्याच वहीत आहेत आणि त्या मुळीच चौकटीत लावण्यासारख्या नाहीत. आता मी दहा-दहाचे चार घोळके मारल्याशिवाय कुठल्याही बदलाला चांगला किंवा वाईट म्हणत नाही.

हे सगळं करूनही माझे गुण ५८० च्या पुढे सरकेनात. लाकूड झालं, स्क्रू झाले, तोंड झालं, बॅच झाली. मी रेंजवर शिकवणाऱ्या सरांकडे तक्रार घेऊन गेलो की आता नळीच बदलायला हवी. सर काही बोलले नाहीत. माझं जॅकेट न घालता, स्वतःचा जुना स्लिंग दंडाला लावून ते माझ्या चटईवर आडवे झाले, दोन गोळ्या अंदाजाला मारल्या, साइट चार टिचक्या फिरवली आणि दहा गोळ्या मारल्या. कागद जवळ आला. नऊ गोळ्यांचं मिळून एक कुरतडलेलं भोक, दहावी त्याच्या कडेला.

"बंदूक चांगली केलीयेस," सर म्हणाले. "आता सहा महिने तिला हात लावू नकोस. पाना घरी ठेव."

त्या दिवशी परतताना ठाण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चाचांनी मला पंधरा वर्षं शिकवलं की दोष दिसतो तिथे कारण नसतं, आणि मी ते सगळीकडे शोधलं, फक्त बंदुकीच्या मागे आडवा पडलेला माणूस सोडून.

मग सहा महिने कोरा सराव. चेंबरमध्ये वापरलेलं टरफल घालायचं, म्हणजे पिन पोलादावर आपटत नाही. घरातल्या जमिनीवर चटई टाकायची, समोरच्या भिंतीवर मिरीएवढा काळा ठिपका. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, तीन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. ठिपका साइटच्या कडीच्या मध्यात नसेल तर हाताने ओढून आणायचा नाही. कंबर अर्धा इंच सरकवायची आणि पुन्हा डोळे मिटायचे. इतकी वर्षं मी बंदूक स्नायूंनी दाबून ठिपक्यावर धरत होतो. चाप सुटला की स्नायूही सुटायचे आणि गोळी जायच्या आधीच नळी आपल्या मूळ जागेकडे निघालेली असायची. गालाचंही तसंच. विसाव्या गोळीपर्यंत गाल दोन सूत पुढे घसरलेला असायचा, आणि गाल घसरला की डोळ्याची जागा बदलते. जॅकेटच्या खांद्यावर खडूची रेघ मारली तेव्हा दिसलं की बट दर वेळी वेगळ्या उंचीवर बसतोय. खडूची ती रेघ डायल गेजइतकीच खरी निघाली.

अडचण एकच होती. खाली माग. आठ मागांची थरथर स्लॅबमधून कोपरात यायची आणि कडीतलं काळं वर्तुळ धोट्याच्या ठोक्यांवर नाचायचं. रात्रपाळी चालू असली तर रात्रीही तेच. आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असत, म्हणून शुक्रवार सरावाचा. एरवी वीज गेली की मी जिन्यावरून धावत वर यायचो. खाली कामगार चहाला जायचे आणि मी चटईवर. पुढे पुढे मला कळायला लागलं की ठोक्यांच्या मधे एक लहानशी शांत जागा असते. चाप तिथे सोडायचा. वरळीला माग नव्हते, पण नाडी होती, आणि नाडीच्या दोन ठोक्यांमधली ती जागा मला भिवंडीतच सापडलेली होती.

सातव्या महिन्यात ५८८ आले. बंदुकीतला एकही स्क्रू मी हलवला नव्हता.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो लिहून येत नाही. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी दीड सेंटीमीटर ढकलतो. वरळीला दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा याहून कितीतरी जास्त असतो. लेनमधल्या पताकांकडे बघून थांबायचं असतं. थांबणं मला सगळ्यांत उशिरा जमलं.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला कोल्हापूरकडचा मुलगा. मी ती अंतिम फेरी मोबाइलवर पाहिली आणि शेवटच्या गोळ्यांना माझे स्वतःचे तळवे घामाने ओले झाले होते. त्यानंतर महिनाभर ओळखीतल्या आईवडलांचे फोन येत होते. कोणती बंदूक घ्यावी, कोणती साइट घ्यावी. मी सगळ्यांना सांगतो की आधी दोनशे पानी वही घ्या आणि क्लबच्या बंदुकीवर वर्षभर तिच्यात लिहा. तारीख, बॅच, हवा, स्क्रूचा ताण, आणि गोळी सुटताना कडीत काय दिसलं ते, भोक बघण्याआधी. बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत. पडघ्याची एक मुलगी मात्र वही घेऊन आली. तिच्या वहीत पहिल्याच महिन्यात मला एक ओळ दिसली, 'आज सगळ्या गोळ्या खाली. कारण माहीत नाही. काहीही बदललं नाही.' मी तिला म्हटलं, बाळा, हे ज्याला लिहिता येतं त्याला शिकवायला मला आवडेल. पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून शोधलं. नवे बूट. टाच उंच म्हणून मांडी वळत होती आणि कंबर चढत होती.

माझ्या नळीतून आता साठ हजारांवर गोळ्या गेल्या असतील. घोळका फुलायला लागलाय. आधी वाटलं डोळे, चष्मा बदलला. मग बॅच बदलली. एकेक करत शेवटी नळीवर आलो, आणि या वेळी सरही हो म्हणाले.

चाचा गेले त्याला आठ वर्षं झाली. वडलांनंतर आमचे मागही भंगारात गेले. गल्लीतल्या बऱ्याच जणांचे गेले, आता तिथे गोदामं आहेत. शुक्रवारची वाट बघायची गरज उरलेली नाही. परवा रात्री नऊला चटई टाकली, टरफल घातलं, ठिपक्यावर आलो. खाली काहीही चालू नव्हतं. तरी कडीतलं वर्तुळ जुन्या लयीत हलताना दिसलं, म्हणून मी गाल उचलून मनगटाला बोट लावलं आणि मोजायला लागलो.